गच्चीचं पाणी बोअरमध्ये की टाकीत? नाशिकच्या खडकाचा हिशेब

कातळपाणी (धागाकर्ता)

५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर नवं बांधकाम असेल, तर राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे. त्यामुळे नाशिकमधल्या बऱ्याच इमारतींना गच्चीवरून उतरणारा एक पाइप, एक चेंबर आणि त्यात ओतलेली ट्रॉलीभर खडी सापडते. पाणी पुढं जातं कुठं, ते मात्र सोसायटीत कुणालाच माहीत नसतं. मे महिन्यात टँकर सुरू झाले की विषय निघतो आणि पहिल्या पावसाबरोबर वाहून जातो. गच्चीचं पाणी बोअरमधून जमिनीत मुरवायचं (यालाच पुनर्भरण म्हणतात) की टाकीत साठवून वापरायचं, त्याच्या बांधणीचे तपशील या धाग्यावर एकत्र करू.

आधी आकडे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शहरात वर्षाला साधारण ७०० मिमी धरा. इगतपुरी-त्र्यंबकचे आकडे बघून हुरळू नका, तो पाऊस दारणा-गंगापूरच्या धरणांसाठी आहे. ४०० चौ.मी. गच्ची, ७०० मिमी पाऊस आणि ०.८ चा गुणक (उरलेलं ओलाव्यात, वाफेत आणि गटारात जातं) धरला की २,२४,००० लिटर होतात. दहा हजारी टँकर धरले तर बावीस.

पण पाणी एका लयीत पडत नाही. तासाला १० मिमीचा पाऊस असेल तर या गच्चीवरून तासाला ३,२०० लिटर येतात, म्हणजे सेकंदाला लिटरभरसुद्धा नाही. तासाला ६० मिमीच्या वेगानं सर आली की तेच १९,२०० लिटर, सेकंदाला पाचच्या वर. आणि बरं बोअर असलं तरी ते सेकंदाला एक-दोन लिटर घेईल. वरचं पाणी कुठं जाणार, हे आधी ठरवायचं आणि मगच फिल्टरचं कोटेशन मागवायचं.

दुसरी गोष्ट खडकाची. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे, थरावर थर. वर माती, खाली मुरूम, मग भेगाळ खडक, मग अखंड काळा पाषाण, मध्येच मांजऱ्या (बारीक पोकळ्यांत खनिजं भरलेला) खडक. पाणी मावतं ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. ही जागा खडकाच्या आकारमानाच्या जेमतेम एक ते तीन टक्के असते. म्हणून शेजारशेजारच्या दोन भूखंडांवर एकाचं बोअर तासाला दहा हजार लिटर गिळतं आणि दुसऱ्याचं बादलीभर ओतलं की तोंडाशी येतं. 'त्यांच्याकडे चाललं, आपल्याकडेही चालेल' हे इथं लागू नाही.

---

नळकाम

मी गच्चीपासून सुरुवात करतो, कारण निम्म्या रचना तिथंच बिघडतात.

पहिली तपासणी नीळ घेऊन करा. अनेक इमारतींत ड्राय बाल्कनीचं आणि वॉशिंग मशिनचं पाणी पावसाच्याच पाइपात जोडलेलं असतं आणि बाहेरून ते कळत नाही. कोरड्या दिवशी प्रत्येक मजल्यावरच्या ड्राय बाल्कनीच्या जाळीत बादलीभर निळीचं पाणी ओता, खाली चेंबरपाशी एकाला उभं करा. ज्या पाइपातून निळं पाणी आलं, तो बोअरकडे न्यायचाच नाही. नाहीतर पावसाच्या नावाखाली बारा महिने साबणाचं पाणी जमिनीत सोडाल.

पाइप किती लागतील? तासाला ७५ मिमी पाऊस धरला तर ११० मिमीच्या एका उभ्या पाइपाला साधारण ५५ चौ.मी. गच्ची झेपते. ४०० चौ.मी.ला सात-आठ हवेत. हे सगळे खाली ११० च्याच एका आडव्या पाइपात घातले की जोराच्या सरीत चेंबर उसळतो. आडवी लाइन १६० मिमीची घ्या, उतार शंभराला एक. काटकोनात वळण नको, दोन ४५ चे बेंड घ्या. प्रत्येक वळणावर साफसफाईचं तोंड ठेवा.

गच्चीच्या तोंडाला सपाट जाळी नको, घुमटी जाळी बसवा. सपाट जाळी एका प्लास्टिकच्या पिशवीनं बंद होते, गच्चीवर तळं साचतं, स्लॅब गळतो. मग वरच्या मजल्यावरचे काका सर्वसाधारण सभेत उभे राहतात आणि योजना तिथंच संपते.

पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण किती ते कुणी मोजत नाही. निदान १ मिमी, म्हणजे ४०० चौ.मी.ला ४०० लिटर. बाजारात मिळणाऱ्या उभ्या पाइपाच्या 'फर्स्ट फ्लश'मध्ये, तो १६० मिमीचा असला तरी, मीटरला १८ लिटरच मावतात. तेव्हा एवढ्या गच्चीसाठी एकतर ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवा. ती भरली की फ्लोट बॉल तोंड बंद करतो आणि पाणी पुढं फिल्टरकडे वळतं. तळाला ६ मिमीचं भोक ठेवलं की चार-पाच तासांत टाकी आपोआप रिकामी होते. हे भोक सगळ्यात आधी तुंबतं, ते दर आठवड्याला तारेनं मोकळं करायचं. नाहीतर साधा टी आणि दोन व्हॉल्व्ह: एक गटाराकडे, एक फिल्टरकडे. जूनचे पहिले दोन-तीन पाऊस गटारात सोडायचे. पुढं पाच-सहा दिवस उघडीप पडली की पुन्हा पहिली पंधरा मिनिटं बाहेर. यात वॉचमनवर भिस्त ठेवावी लागते. तो बदलला की नव्याला दाखवायचं राहून जातं, म्हणून दोन्ही व्हॉल्व्हवर ऑइलपेंटनं 'गटार' आणि 'बोअर' लिहून ठेवा.

---

खजिनदार ४०४

फिल्टर तयार आणायचा की बांधून घ्यायचा? आमच्या कमिटीत दोन तट पडलेत. आणि कोळशाचा थर हवाच असं एक कंत्राटदार सांगतोय.

---

कातळपाणी

गच्ची लहान असेल, दीडएकशे चौ.मी.पर्यंत, तर पाइपातच बसणारा जाळीचा तयार फिल्टर चालतो. पानं-काडी-कचरा अडतो, धुणं सोपं असतं. बारीक गाळ मात्र त्यात अडत नाही, आणि बोअरच्या भेगा बुजवतो तो हाच गाळ. मोठ्या गच्चीला बांधलेली पेटी बरी.

४०० चौ.मी.साठी पेटीचं आतलं माप: लांबी २ मीटर, रुंदी १ मीटर, खोली १.२ मीटर. खालून वर: ४० मिमी खडी ३० सेंमी, २० मिमी खडी २० सेंमी, १० मिमीची बारीक खडी १५ सेंमी, त्यावर नायलॉनची मच्छरजाळी, तिच्यावर जाड वाळू २५ सेंमी. वर ३० सेंमी जागा पाण्याला मोकळी. अशा वाळूतून दर चौरस मीटरला तासाला साधारण दहा हजार लिटर उतरतात. पेटी दोन चौ.मी.ची, म्हणजे वीस हजार. वरच्या हिशेबातली जोराची सर यात बसते, पण वाळू स्वच्छ असेल तरच.

पेटीच्या आधी ६० सेंमीचा एक गाळचेंबर हवा. पाणी एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूनं वरच्या काठावरून जायला पाहिजे, म्हणजे जड गाळ तळाला बसतो. पेटीच्या काठाखाली १० सेंमीवर १६० मिमीचा ओव्हरफ्लो पावसाळी गटाराकडे. तो विसरलात तर फिल्टर तुंबल्या दिवशी पाणी पार्किंगमध्ये.

क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरणार असाल तर तिच्यात दगडाची भुकटी असते. निवळ पाणी येईपर्यंत धुवा, चार-पाच वेळा तरी. न धुता भरली तर पहिल्याच पावसात ती भुकटी बोअरमध्ये जाते. मच्छरजाळी वाळूच्या खाली असायलाच हवी, नाहीतर वाळू खडीत झिरपून तळाशी जाते आणि दुसऱ्या वर्षी पेटीत वाळूच दिसत नाही.

कोळसा नको. पुनर्भरणाच्या या वेगाला त्याचा उपयोग नाही. वर्षभरात त्याचा चुरा होतो आणि तो पुढं जातो.

---

साडेसहा इंची

फिल्टरच्या आधी बोअर किती घेतं ते मोजा. मेअखेर, पंप आदल्या रात्रीपासून बंद ठेवून, पाण्याची पातळी लिहून घ्या. दहा हजारी टँकर मागवा (पाणी निवळ हवं, नाल्याचं नको) आणि अडीच-तीन इंची पाइपानं बोअरमध्ये सोडा. तोंडापर्यंत पाणी न येता पाऊण तासात टँकर रिकामा झाला, तर बोअर सेकंदाला पावणेचार लिटर घेतंय. उत्तम. मध्येच पाणी तोंडाशी आलं तर व्हॉल्व्ह आवळत जा. पातळी जिथं स्थिर राहील, तिथला प्रवाह वीस लिटरच्या बादलीनं घड्याळ लावून मोजा. सेकंदाला अर्ध्या लिटरच्या खाली असेल तर त्या बोअरवर खर्च करू नका.

'कोरडं बोअर आहे ना, त्यातच सोडू' हे प्रत्येक सभेत कुणीतरी म्हणतं. बोअर कोरडं असण्याची कारणं दोन. एक, पातळी खाली गेली. हे पुनर्भरणाला चालेल. दोन, खोदताना भेग लागलीच नाही. मग ती पाषाणातली बंद नळी आहे. साडेसहा इंची, ६० मीटर खोल नळीत १,३०० लिटरसुद्धा मावत नाहीत. टँकरच्या चाचणीत हा फरक दहा मिनिटांत कळतो.

आता केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घातलेला पाइप. चालू बोअरच्या केसिंगला भोकं पाडून भोवती खडीचा खड्डा करण्याची पद्धत सर्रास चालते. चालू बोअरसाठी मी तिच्या विरोधात आहे. केसिंग घातलेलीच असते वरची माती आणि ड्रेनेजचं पाझरणारं पाणी बाहेर ठेवायला. एकदा भोकं पाडली की ती बुजवता येत नाहीत, आणि फिल्टर बिघडला तर आत जाणारं पाणी थांबवायला चावी नाही. त्याऐवजी फिल्टरमधून निघालेला ६३ मिमीचा पाइप, त्यावर एक व्हॉल्व्ह, आणि केसिंगच्या टोपीतून आत मीटर-दीड मीटर. खालच्या टोकाला एल्बो लावून तोंड केसिंगच्या भिंतीकडे करा, पाण्याची धार पंपाच्या केबलवर पडता कामा नये.

टोपीला एक इंची हवानळी द्या, वर जाळी. पाणी आत जाताना हवा बाहेर यावी लागते. हवानळी नसली की बोअर गुरगुरतं, पाणी मागं फुगतं आणि लोक म्हणतात 'बोअर भरलं'. भरलेलं काही नसतं.

---

म्हसरूळचा मळा

बोअर नसलेल्यांसाठी शोषखड्डा. काळी माती दोन-तीन मीटर असेल तर तिच्यातच खड्डा संपवू नका, ओली झाली की ती फुगते आणि बंद होते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. मुरूम लागल्यावर तळात फूटभर रुंद, फूटभर खोल भोक करून रात्रभर पाणी भरून ठेवा. सकाळी पुन्हा भरा आणि तासात किती उतरतं ते पट्टीनं बघा. दोन-तीन सेंमीच उतरलं तर जागा बदला.

२ × २ × ३ मीटरचा खड्डा बारा घनमीटरचा, पण डबर-खडी भरल्यावर त्यात पाणी मावतं साडेचार हजार लिटरच्या आसपास. कंत्राटदार 'बारा हजार लिटरचा खड्डा' म्हणून बिल लावतो ते यामुळे खोटं. इमारतीच्या पायापासून निदान ३ मीटर, ड्रेनेजच्या चेंबरपासून किंवा सेप्टिक टाकीपासून १५ मीटर अंतर. दीड मीटरच्या खाली खोदताना बाजूला आधार लावा. भुसभुशीत मुरूम सूचना देऊन ढासळत नाही.

रस्त्याचं आणि पार्किंगचं पाणी बोअरमध्ये कधीच नको, त्यात तेल असतं. शोषखड्ड्यातही गाळचेंबरनंतरच. अंबड-सातपूरकडे पत्र्यावर कारखान्याची धूळ बसत असेल तर त्या शेडचं पाणी जमिनीत घालूच नका.

---

दोन टाक्या

सगळे पाणी जमिनीत घालायच्या मागं आहेत, माझा प्रश्न: आधी वापरत का नाही?

वीस फ्लॅट, घरटी चार माणसं, फ्लशला माणशी ३० लिटर. दिवसाला २,४०० लिटर. जुलैत २०० मिमी पाऊस धरला तर ४०० चौ.मी. गच्चीवरून महिन्याला ६४,००० लिटर, दिवसाला दोन हजारांच्या वर. म्हणजे त्या महिन्याचं फ्लशचं पाणी जवळजवळ सगळं वरूनच भागतं. ते बोअरमध्ये ढकलायचं आणि पुन्हा वीज जाळून वर खेचायचं, हे मला पटत नाही.

बऱ्याच सोसायट्यांत बोअरच्या, वापरायच्या पाण्याची लाइन मनपाच्या पाण्याहून वेगळी असते. तिथं काम सोपं आहे: फिल्टरचं पाणी आधी बोअरच्या जमिनीखालच्या टाकीत, ती भरली की ओव्हरफ्लो बोअरकडे. टाकीत फ्लोट स्विच असा लावा की ती अर्ध्याच्या वर असेपर्यंत बोअरचा पंप सुरूच होणार नाही. नाहीतर पंप सवयीनं टाकी भरून ठेवतो आणि पावसाला जागाच उरत नाही. एकच लाइन असेल तर मात्र जोडणी करू नका, मनपाच्या पाण्यात पावसाचं पाणी कुठल्याच वाटेनं मिसळता कामा नये. तिथं बाग, जिने आणि गाड्या धुण्यापुरता खाली एक नळ काढा.

---

कातळपाणी

'दोन टाक्या' यांच्याशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, आणि कारण पुन्हा खडकच. आपला उथळ थर लहान आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत बरीच बोअर काठाशी येतात. त्यानंतर घातलेलं पाणी बोअर घेत नाही, आणि घेतलं तरी ते भेगांतून उताराला लागतं आणि नासर्डी-वाघाडी नद्यांत निघतं. डिसेंबरात ओतलेलं मेमध्ये मिळेल, अशी बँक इथं नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी टाकी, टाकी भरली की बोअर, बोअर भरलं की शोषखड्डा, शेवटी गटार. प्रत्येक पायरीचा ओव्हरफ्लो पुढच्या पायरीत. आणि पुनर्भरण एका इमारतीचं काम नाही हे त्यातूनच निघतं. तुमचं पाणी खालच्या गल्लीच्या बोअरला मिळतं, वरच्या गल्लीचं तुम्हाला. वरच्या अंगाच्या पाच-सात सोसायट्यांनी केलं तर खालच्यांना फरक जाणवेल. उताराच्या टोकाला एकट्यानं केलेलं काम नाल्याच्या उपयोगाचं.

---

गोदातीर

थोडं विषयाला धरून. रामकुंड परिसरातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट झालं तेव्हा खालचे जिवंत झरे बंद झाले, म्हणून नागरिकांनी ते काढायची मागणी न्यायालयापर्यंत नेली आणि काही कुंडांतलं काँक्रीट निघालंही. झरा मोकळा केला तरी त्याला पाणी येणार वरच्या अंगानंच. पंचवटीच्या उतारावरच्या सोसायट्यांनी फरसबंदी काढून चार मीटर मोकळी जमीन सोडली तरी ते त्याच कामातलं आहे. पेव्हर ब्लॉक बसवायचेच असतील तर खाली काँक्रीटचा थर नको, वाळूवर बसवा आणि सांधे सिमेंटनं भरू नका.

---

जेलरोडकर

फरक पडला की नाही हे कळणार कसं? सगळेच सांगतात 'पातळी वाढली'.

---

साडेसहा इंची

मोजून. दोन तारांची बारीक केबल घ्या, टोकाला दोन्ही तारा सेंटिमीटरभर अंतरावर उघड्या, त्याच्यावर शंभरेक ग्रॅमचं वजन. दर मीटरला रंगीत टेपची खूण. वरच्या टोकाला मल्टिमीटर रेझिस्टन्सवर. टोक पाण्याला लागलं की काटा हलतो, तिथं खूण वाचा. पंपाचा मेन स्विच बंद आणि किमान आठ तास उपसा नाही, या दोन अटी. केबल हवानळीतून सोडा, पंपाच्या केबलमध्ये गुंतली तर ओढाताण करू नका.

मेअखेर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, एकाच दिवशी, गल्लीतल्या सगळ्या बोअरचं वाचन एका वहीत. सोबत त्या वर्षीचा पाऊसही लिहा. पाऊस जास्त झाला म्हणून वाढलेली पातळी आणि पुनर्भरणानं वाढलेली पातळी यांत फरक आहे. म्हणून काम न केलेली एक-दोन बोअरही वहीत असू द्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चारदा घेते, तुमची वही त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येते.

---

खजिनदार ४०४

पिता येईल का हे पाणी? आणि देखभालीला वर्षाचं काय धरायचं?

---

नळकाम

पिऊ नका. गच्चीवर कबुतरं असतात. वापराच्या टाकीला ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरला ३-४ ग्रॅम, बादलीत कालवून निवळलेलं वरचं पाणी घालायचं, खालचा चुना नाही. बोअरच्या पाण्याची तपासणी पावसाळ्यात एकदा तरी एच-टू-एसच्या (जंतू तपासायच्या) बाटलीनं करा, २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर जंतू आहेत. टीडीएस मीटर विरघळलेले क्षार दाखवतो, जंतू दाखवत नाही, त्यावर समाधान मानू नका.

देखभालीत पैसा कमी, आठवण जास्त लागते. मेच्या तिसऱ्या आठवड्यात गच्ची झाडून जाळ्या काढा, गाळचेंबर उपसा, वाळूचा वरचा पाच सेंमी थर खरवडून धुवा. जुलैमध्ये वाळू पुन्हा एकदा. गणपतीच्या आधी तिसऱ्यांदा, कारण तोवर वर शेवाळाची साय येते. तीन वर्षांनी पेटी पूर्ण उपसून खडी धुवायची. गच्चीवरची टाकी साबणानं किंवा ब्लीचिंगनं धुताना बोअरचा व्हॉल्व्ह बंद, हे टाकी धुणाऱ्याला त्या दिवशी सांगावं लागतं, सूचनाफलकावर लिहून भागत नाही.

---

जेलरोडकर

आमच्या गच्चीला याच मेमध्ये वॉटरप्रूफिंगचा कोट द्यायचा आहे. चालेल ना?

---

नळकाम

मार्चमध्ये द्या. कोट पूर्ण वाळायला वेळ मिळाला पाहिजे. मेच्या शेवटी दिलात तर त्या वर्षी जूनभर व्हॉल्व्ह 'गटार'वरच ठेवा, आणि पाण्याला रंग किंवा फेस दिसायचा थांबला की मगच बोअरकडे फिरवा.